पाच पेपर, बंद पडलेली हार्डडिस्क आणि ‘ऱ्हायना’मधला र

हे प्रकरण माझंच आहे, २०२४ च्या मे-जूनमधलं. आमच्या कॉलेजच्या दोन-तीन ज्युनिअर पोरांनी मला विचारलं होतं की परीक्षा डोक्यावर असताना हे बिनपैशाचं सॉफ्टवेअरचं काम कसं सांभाळायचं, आणि मी प्रत्येकाला चहाच्या टपरीवर अर्धवट काहीतरी सांगत बसलो, म्हणून आता सगळं एकदा तारखांसकट लिहितोय. यात मी जिथे चुकलो तेही आहे, कारण खरं कामाचं तेच आहे.

आधी मागचं सांगतो. गाव माझं अमळनेर तालुक्यात, शिकायला जळगावला, तेव्हा थर्ड इयर कम्प्युटर. रूम पत्र्याची, वरच्या मजल्यावर. आम्ही तिघं मिळून एक छोटं ॲप चालवतो: मी, शिरपूरच्या एक ताई ज्या पुण्यात नोकरी करतात, आणि नंदुरबारचा एक मित्र जो बीएस्सी करतोय. ॲपचं काम एवढंच की जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखाच वाचता येणाऱ्या पद्धतीत, बदलून द्यायचा. खान्देशात छोट्या छोट्या प्रेसमध्ये, पतसंस्थांमध्ये, शाळांमध्ये वर्षानुवर्षांचा मजकूर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये पडून आहे. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरं असतात, वरून फक्त देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं, म्हणजे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की समोर नुसती इंग्रजी खिचडी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि देवनागरी तिच्यातच होती, पण आपल्या डीटीपीवाल्यांपर्यंत ते पोचायला कितीतरी वर्षं गेली, आणि मधल्या काळात टाइप झालेलं सगळं तसंच अडकलंय.

बदलायचं म्हणजे नुसतं एका अक्षराच्या जागी दुसरं टाकायचं नसतं. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी इंग्रजी एफच्या जागी आहे आणि ती व्यंजनाच्या आधी टाइप होते, कारण दिसते आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर लागते. रफाराचं बरोबर उलटं. ‘धर्म’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये आधी ध, मग म, मग वरचा रफार, आणि युनिकोडमध्ये मात्र ध, र, हलंत (पाय मोडायचं चिन्ह), म. म्हणजे प्रोग्रामला मागे-पुढे सरकून अख्खं जोडाक्षर ओळखावं लागतं आणि मग र उचलून योग्य जागी नेऊन बसवावा लागतो.

आणि आपल्या मराठीत याच्या वर अजून एक भानगड आहे, ती म्हणजे ‘शेतकऱ्यांना’ मधला अर्धा र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, एका र ने अर्थ बदलतो. हा र युनिकोडमध्ये दोन पद्धतीने आणता येतो, एक तर साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडणीचं चिन्ह, किंवा ०९३१ नंबरचा वेगळा ऱ आणि त्याला हलंत. पहिल्या पद्धतीत ते न दिसणारं चिन्ह कॉपी-पेस्ट करताना, साफसफाई करताना कुठेतरी गळून पडतं आणि र सरळ रफार होऊन डोक्यावर जातो, म्हणून आम्ही दुसरी पद्धत धरलेली. मराठीत हा र ठराविक शब्दांत येतो पण आमच्या खान्देशातल्या अहिराणीत तो बोलण्यात पदोपदी आहे: काय करी ऱ्हायना (काय करतोय), कोठे जाई ऱ्हायनी (कुठे जातेय). तो र बिघडला तर आमच्याकडचं पानभर लिखाण बिघडतं, त्यामुळे हा बग मला साधा कधीच वाटला नाही.

मार्चमध्ये आम्ही नवीन आवृत्ती काढली आणि तिच्यात मी वेग वाढवायला म्हणून रफाराचा भाग नव्याने लिहिला होता, तिथेच हा र मेला. शिंदखेड्याकडचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांनी तीस वर्षं खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी गोळा केलीत, सगळी एका प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, ‘भाऊ, सगळा र डोकावर चढी गयात.’ मला इतकं वाईट वाटलं. त्यांनी व्हॉट्सॲपवर चाळीसेक ओळी पाठवल्या, मूळ काय होतं आणि ॲपने काय केलं, दोन्ही शेजारी शेजारी लिहून. मी म्हटलं गुरुजी आठवड्यात देतो करून. आणि मग आठवड्याचे तीन आठवडे झाले, सबमिशन आलं, ओरल आली, मी रात्री बारा ते दोन त्याच्यावर बसायचो आणि सकाळी लेक्चरला झोप.

आता मशीनचं सांगतो. लॅपटॉप पाच वर्षं जुना, मोठ्या चुलत भावाकडून आलेला, बॅटरी पार मेलेली, म्हणजे लाइट गेली की लॅपटॉप धाडकन बंद. मे महिन्यात आमच्याकडे लाइट जाणं काही नवीन नाही. ९ मेला मी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) कमिट, म्हणजे बदलांची नोंद, करत असतानाच लाइट गेली आणि परत चालू केल्यावर गिट म्हणायला लागलं की ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे. हे असं होतं, गिट प्रत्येक गोष्ट छोट्या छोट्या फाइलींत ठेवतं आणि नेमकं लिहिताना वीज गेली तर फाइलीचं नाव तयार होतं पण आत शून्य बाइट. त्यावर उपाय सोपा आहे, त्या रिकाम्या फाइली बाजूला काढायच्या, सर्व्हरवरून परत ओढायचं, मग तपासणीची कमांड चालवून बघायचं. वीस मिनिटांत झालं आणि मी ते विसरलो. तिथेच थांबून दोन गोष्टी बघायला हव्या होत्या. एक, डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, त्यात ५ नंबरला बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि १९७ नंबरला वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर, हे आकडे शून्याच्या वर जायला लागले की डिस्क आपल्याला सांगत असते. दोन, सर्व्हरवर नसलेलं माझ्याकडे नेमकं काय काय आहे. मी दोन्ही बघितलं नाही.

१७ मे, शुक्रवार. पहिला पेपर मंगळवारी २१ ला. दुपारचे पावणेतीन, बाहेर ४४ अंश, पत्र्याखाली किती असेल देव जाणे, कूलरच्या टाकीतलं पाणी कोमट झालेलं. मी थिअरी ऑफ कम्प्युटेशनचे जुने पेपर उघडून बसलो होतो आणि मागे एडिटरमध्ये तो र वाला कोड उघडा. माउस अडकला. मग आतून आवाज यायला लागला, टक्, टक्, टक्, मध्ये थांबायचा, घरघर, परत टक् टक्. लॅपटॉपचं तळ हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. पाच मिनिटं वाट बघितली, मग बटण दाबून बंद केला, चालू केला, काळा स्क्रीन, बूट होण्यासारखी डिस्क सापडत नाही. परत बंद, परत चालू. असं मी चार वेळा केलं आणि ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक, कारण आवाज करणारी डिस्क प्रत्येक वेळी फिरवली की तिचं उरलेलं आयुष्य कमी होतं. पहिला टक् ऐकला की बंद करायचा आणि हात लावायचा नाही, एवढंच करायचं असतं.

उष्णतेनेच गेली असं छातीठोक नाही सांगता येणार. लॅपटॉपच्या हार्डडिस्कला साधारण ६० अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते आणि पत्र्याखालच्या खोलीत बंद डब्यात ती गाठायला वेळ लागत नाही, पण डिस्क पाच वर्षांची होती आणि रोज लाइट जाऊन आपटल्यासारखी बंद होत होती, हेही आहेच. संध्याकाळी एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो तर तो म्हणाला नवीन डिस्क टाकू, विंडोज मारून देतो, जुन्यावरचं विसरा. रूमवर एकाने सांगितलं डिस्क फ्रीझरमध्ये ठेव. कोणी ठेवू नका, बाहेर काढली की आत दमटपणा धरतो आणि जे वाचलं असतं तेही जातं.

त्या रात्री मी गच्चीवर बसून प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या पानावर लिहिलं की त्या डिस्कवर असं काय आहे जे जगात दुसरीकडे कुठेच नाही. आणि मला पहिल्यांदा कळलं की माझी भीती एका ठिकाणी होती आणि धोका भलतीकडेच. मला वाटत होतं प्रोजेक्ट गेला. प्रोजेक्ट कुठेच गेला नव्हता. गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी बनवलं तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे की प्रत्येकाकडे अख्खा इतिहास असतो, म्हणजे सगळा कोड ताईंकडे होता, नंदुरबारला होता, सर्व्हरवर होता. नोट्स आणि जुने पेपर वर्गाच्या ग्रुपवर होते. मग पानावर उरलं काय, तर तीन गोष्टी. माझी तीन आठवड्यांची र वाली ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, जी मी ‘जरा नीट करून पुश करू’ म्हणून कधी पुश केलीच नाही, म्हणजे सर्व्हरवर चढवलीच नाही. नवीन आवृत्ती काढायच्या पायऱ्या, ज्या कुठे लिहिलेल्याच नव्हत्या, माझ्या डोक्यात होत्या. आणि तिसरी, जिने माझ्या पोटात गोळा आला, ती म्हणजे सही करायची चावी.

हे जरा समजावून सांगतो. अँड्रॉइडचं ॲप आपण एका चावीने सही करून देतो, ती एका कीस्टोअर फाइलमध्ये असते. पुढची आवृत्ती त्याच चावीने सही केलेली असेल तरच फोन तिला अपडेट म्हणून घेतो, नाहीतर सरळ नाही म्हणतो. स्टोअरवर ॲप असेल आणि चावी त्यांच्याकडे सांभाळायला दिलेली असेल तर मार्ग निघतो, पण आमचं ॲप आम्ही थेट फाइल म्हणून देतो, लोक व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवतात. चावी गेली म्हणजे प्रत्येकाला ॲप काढून नवीन टाकायला सांगावं लागणार, आणि ते लोक कोण, तर प्रेसवाले काका, शाळेतले क्लार्क, गुरुजी. ती फाइल मी गिटच्या इग्नोर यादीत (गिटने सोडून द्यायच्या फाइलींची यादी) टाकलेली, ते बरोबरच आहे, चावी कधीच सर्व्हरवर चढवायची नसते, पण इग्नोर यादीत टाकली याचा अर्थ तिचा बॅकअप आता गिट बघणार नाही, आपण बघायचा, हा दुसरा अर्धा भाग माझ्या लक्षातच आला नव्हता.

शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने मी धरणगावला मामाकडे गेलो. मामाचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे, मे म्हणजे त्यांचा ऐन सीझन, तरी त्यांनी दोन टीबीची एक एक्स्टर्नल डिस्क मोकळी करून दिली आणि काय झालं, कसं झालं काही विचारलं नाही, फक्त म्हणाले जेवून जा. अकरापर्यंत परत जळगाव. एका मित्राच्या खोलीवर जुना डेस्कटॉप होता आणि घरमालकाचा इन्व्हर्टर होता, तिथे लॅपटॉपची डिस्क काढून आतल्या केबललाच जोडली, यूएसबीच्या केसिंगमधून नाही, कारण आजारी डिस्क अडली की यूएसबी मध्येच हात सोडून देतं. पेनड्राइव्हवरून उबुंटू नावाचं लिनक्स चालू केलं आणि डीडी-रेस्क्यू लावलं.

हे टूल वापरायची वेळ कुणावरही येऊ नये, पण आली तर थोडं माहीत असू द्या. ते आजारी डिस्कशी कुस्ती खेळत नाही. आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलून घेतं, अडलेला भाग सोडून पुढे जातं, आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका वेगळ्या फाइलीत लिहीत राहतं. मग दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागांवर परत जातं. नकाशाची फाइल असल्यामुळे मध्येच बंद पडलं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, आणि आमच्यासारख्या लाइट जाणाऱ्या गावात याच्यापेक्षा मोठी सोय नाही, त्या दिवशी इन्व्हर्टर असूनही दोनदा मशीन बंद पडली आणि दोन्ही वेळा काम होतं तिथूनच पुढे सुरू झालं. एक काळजी मात्र जिवावरची: कमांडमध्ये आधी कुठून आणि मग कुठे हा क्रम उलटा झाला तर चांगलं उरलेलंही पुसलं जातं. मी दोन्ही डिस्कचे मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहिले, मित्राला मोठ्याने वाचायला लावले, तीनदा बघितले आणि मग एंटर दाबलं. आणि मूळ डिस्कवर दुरुस्तीची कोणतीही कमांड चालवली नाही, दुरुस्ती करायची ती नंतर कॉपीवर.

टूल चालू झाल्यावर त्याच्याकडे बघत बसायचा मला फार मोह झाला. आकडे पुढे सरकतायत, एरर वाढतायत. मित्राने स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि म्हणाला पुस्तक काढ. दोघंही त्याच खोलीत पुशडाउन ऑटोमॅटा करत बसलो, दर दोन तासांनी एकदाच टॉवेल उचलायचा. पहिली फेरी संध्याकाळी सातला संपली.

मधल्या वेळात मोबाइलवरून मी एक काम केलं जे एप्रिलमध्येच करायला हवं होतं. मार्चची आवृत्ती डाउनलोडच्या पानावरून काढली आणि जानेवारीची परत लावली. दहा मिनिटांचं काम. मी इतके दिवस दुरुस्तीच्या मागे लागलो होतो आणि बिघडलेली गोष्ट काढून घेणं हा पर्याय माझ्या डोक्यातच आला नाही. जुनी आवृत्ती काही फार हुशार नव्हती, पण तिला न कळलेलं अक्षर ती तसंच ठेवून लाल करायची, माणूस बघून दुरुस्त करू शकायचा. नवी आवृत्ती चुकीचा र लिहून काहीच सांगायची नाही. मजकुराच्या बाबतीत मला तरी लाल केलेली अडचण गुपचूप केलेल्या चुकीपेक्षा शंभर पट बरी वाटते. फक्त अँड्रॉइड वरच्या नंबरवरून खालच्या नंबरवर थेट येऊ देत नाही, त्यामुळे ज्यांनी मार्चची टाकली होती त्यांना आधी ॲप काढा मग हे टाका असं ॲप वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहून कळवावं लागलं, आणि गुरुजींना मी फोनवर एकेक बटण सांगत करून दिलं.

त्याच फोनवर मी त्यांना घाबरत विचारलं, गुरुजी, पुस्तक प्रेसला कधी द्यायचंय? ते म्हणाले कानबाईच्या आधी हातात पाहिजे. कानबाई म्हणजे श्रावणात, नागपंचमीनंतरचा रविवार. म्हणजे जुलैच्या शेवटापर्यंत प्रेसला गेलं तरी चालणार होतं. मी एप्रिलपासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जी घाई करत होतो ती कुणी मागितलीच नव्हती, मी विचारलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर मी काही वेळ नुसता बसून राहिलो.

मग रात्री ग्रुपवर मेसेज टाकला, जसाच्या तसा देतो: ‘माझी परीक्षा २१ मे ते ५ जून आहे. लॅपटॉपची हार्डडिस्क गेली आहे, नवीन व्हायला वेळ लागेल. ५ जूनपर्यंत मी कोड बघणार नाही. मार्चची आवृत्ती वापरू नका, जानेवारीची वापरा. काही अडलं तर ताईंना लिहा.’ पाच ओळी. या लिहायला मला लाज वाटत होती, वाटायचं लोक म्हणतील पोरगं जबाबदारी टाकून पळालं. असं कुणी म्हटलं नाही. चोपड्याच्या एका प्रेसवाल्या काकांनी लिहिलं, पेपर चांगले दे बेटा.

पण त्याच रात्री एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. तो दोन महिन्यांपासून अधूनमधून ग्रुपवर बोलायचा, कोड कधी पाठवला नव्हता. म्हणाला लोकांचं काम अडलंय, मला ॲक्सेस द्या, मी दुरुस्ती काढतो, असं प्रोजेक्ट अडवून ठेवणं बरोबर नाही. मी इतका थकलो होतो की जवळजवळ हो म्हटलं होतं. त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण दीडच महिन्यापूर्वी, २९ मार्च २०२४ ला एक्सझेड नावाच्या लायब्ररीचं प्रकरण बाहेर आलेलं होतं. फायली दाबून लहान करणारी ही लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते आणि ती लासे कॉलिन नावाचा एक माणूस स्वतःच्या वेळात सांभाळायचा. तब्येत बरी नाही, वेळ नाही असं त्याने लिहिलेलं असताना काही अनोळखी नावांवरून त्याच्यावर दबाव आला की दुसऱ्या कुणाला तरी हक्क दे, आणि जिया टान या नावाने मदत करणाऱ्याला ते हळूहळू मिळाले, त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून ते सापडलं. आमचं ॲप त्याच्यापुढे काहीच नाही, पण थकलेला माणूस आणि त्याच्यावर घाईचा दबाव, हा भाग मला ओळखीचा वाटला. काम दुसऱ्याकडे द्यायचंच होतं, पण ज्यांच्याबरोबर दीड वर्ष काम केलंय त्यांच्याकडे. त्या माणसाला मी लिहिलं की दुरुस्ती पाठवा, ताई तपासून घेतील. त्याने नंतर काही पाठवलं नाही.

ताईंना सर्व्हरचे पूर्ण हक्क दिले. त्या आधी नको म्हणत होत्या, मला नोकरी आहे, चुकलं तर? मग जर्नलच्या त्याच पानावर मी आवृत्ती काढायच्या सगळ्या पायऱ्या लिहिल्या, नऊ झाल्या, फोटो काढून पाठवला. त्यांनी एकेक करून बघितल्या आणि चौथ्या पायरीवर अडल्या, कारण तिथे मी ‘नेहमीचा फोल्डर’ असं लिहिलं होतं आणि तो नेहमीचा फक्त मला होता. ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या कामांत, याला बस फॅक्टर म्हणतात, किती जणांना बसने उडवलं तर काम थांबेल, आणि आमचा आकडा एक होता, तोही तिघं काम करत असताना.

सोमवारी पहाटे दुसरी फेरी संपली. कॉपीमधून फोल्डर उघडले. कीस्टोअर अख्खं मिळालं, लगेच एक जुनं ॲप त्याने सही करून बघितलं, फोनने घेतलं. मी खाली जाऊन गुळाचा चहा प्यायलो आणि आईला फोन केला. तिला चावी म्हणजे काय ते कळलं नाही पण माझा आवाज कळला. म्हणाली, ‘पेपर तुन्हा शे, मशीनना नही. जाय, वाच.’ र वाली ब्रँच मात्र अर्धी फुटलेली निघाली, मधले काही ऑब्जेक्ट वाचता न येणाऱ्या सेक्टरवर होते. ती मी तिथेच सोडली.

पेपर २१, २४, २८, ३१ मे आणि ५ जून. रात्री नऊ ते नऊ वीस फोन बघायचा, एवढंच ठरवलेलं. पहिले दोन पेपर ते पाळलं. २७ च्या रात्री पाळलं नाही. ताईंनी विचारलं की रफार दोन व्यंजनं ओलांडून नेताना अनुस्वार कुठे राहतो, मला उत्तर माहीत होतं, पाच मिनिटांत सांगता आलं असतं, पण मी मित्राचा लॅपटॉप घेतला आणि म्हटलं थांबा मीच दाखवतो, आणि साडेअकरा कधी वाजले कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कम्प्युटर नेटवर्कच्या पेपरला सबनेटचं गणित अर्धं सोडून आलो. सुटलो त्यात, पण पाचांत सगळ्यात कमी मार्क त्याच पेपरला आहेत. ती रात्र कुणाच्या गरजेची नव्हती, कोड लिहायचा आनंद मला पाहिजे होता, आणि हे खरं कारण लिहिल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. बाहेरचा दबाव मेसेज टाकून थांबतो, हा आतला थांबत नाही. त्यानंतर उरलेल्या पेपरांपर्यंत मी मित्राला लॅपटॉप कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगितलं.

र ची दुरुस्ती शेवटी ताईंनी केली, नव्याने, दोन संध्याकाळींत. माझ्या तीन आठवड्यांच्या कोडमधलं त्यांनी काहीच बघितलं नाही, बघायला नव्हतंच. त्यांना उपयोगी पडल्या त्या गुरुजींच्या व्हॉट्सॲपवरच्या चाळीस ओळी, त्या त्यांनी तशाच्या तशा चाचण्या म्हणून टाकल्या आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होईपर्यंत काम केलं. एक ओळ हिरवी होतच नव्हती, तर निघालं की गुरुजींच्या फोनच्या कीबोर्डने ऱ हा र आणि खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत टाइप केला होता, दिसायला अगदी सारखा, आत वेगळा. तुलना करायच्या आधी दोन्ही एकाच रूपात आणायची एक ओळ टाकली आणि झालं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नवीन आवृत्ती निघाली, पुण्याहून, माझा हात न लागता. तोवर मी सेकंडहँड एसएसडी (चिपवाली डिस्क) टाकून लॅपटॉप परत चालू केला होता आणि बॅटरीही बदलली. चावीच्या आता तीन प्रती आहेत, पासवर्डने बंद केलेल्या: एक माझ्याकडे, एक ताईंकडे, एक पेनड्राइव्ह गावाला आईच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीत. दर रविवारी जे काही अर्धवट असेल ते ‘अर्धवट’ असंच नाव देऊन पुश करायचं ठरलंय, त्याची लाज वाटून घ्यायची नाही. नऊ पायऱ्यांचं पान आता प्रोजेक्टमध्येच आहे आणि आवृत्ती आळीपाळीने काढायची, म्हणजे पान खरं आहे का ते कळत राहतं.

गुरुजींचं पुस्तक कानबाईच्या चार दिवस आधी आलं. अमळनेरच्या स्टँडवर त्यांनी माझ्या हातात प्रत दिली, मी तिथेच उभ्याने उघडली आणि आधी र शोधले. बाविसाव्या पानावर एका गाण्यात ‘ऱ्हायनी’ सहा वेळा आहे. सहाही बरोबर.

नंदुरबारच्या मित्राची परीक्षा नोव्हेंबरात आहे. त्याच्याकडचे दोन फॉन्ट तेवढे दिवस माझ्याकडे घेतलेत, ग्रुपवर तारखा त्याने आत्ताच टाकल्यात.